अर्ध्या ओटीचा हंगाम

गेल्या वर्षी बायकोची पाठ दुखायला लागली, तेव्हा मी तिच्या ऑफिसातल्या खुर्चीवर पाच किलो रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, गादी करून ठेवली. वैशालीला सहावा महिना सुरू होता. गादी ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी तिला खुर्चीवरून उठता येईना. शेवटी कचेरीतल्या दोघीजणींनी काखेत हात घालून तिला उभं केलं आणि मला फोन केला.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. वऱ्हाडच्या काळ्या मातीवर मी पाऊण तास पाणी न पिता बोलू शकतो. त्या मातीत पिकलेल्या कापसाचं काय करू नये, हे मात्र कोणत्याच इयत्तेच्या पुस्तकात नव्हतं. माझा तर्क अगदी सरळ होता. खुर्ची टणक, म्हणून पाठ दुखते. कापूस मऊ, म्हणून दुखणं थांबेल. आईनं गाद्यांसाठी म्हणून बाजूला ठेवलेली रुई मी स्कूटरवर घालून अकोटच्या रहीमचाचांकडे नेली. चाचांची उभी हयात गाद्या भरण्यात गेली आहे. त्यांनी खुर्चीचं माप पाहिलं, रुईचं गाठोडं पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, बैठने की गद्दी है के सोने की?"

"बैठने की. पुरी भरो."

"पुरी भरी तो बाईसाब डूब जाएंगी."

"भरो ना चाचा, घरचा कापूस आहे."

चाचांनी भरली. शहाणी माणसं दोनदाच सांगतात.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा तेल्हारा रोडनं शेतात गेलो होतो. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडं, फुटल्या आहेत. सकाळच्या कोवळ्या उन्हात बोंडांतून कापूस असा लोंबत होता, जणू रात्रीतून कुणी झाडाझाडावर हात पुसून गेलं आहे. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेले पुंजके अडकलेले. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे मागे स्कूटर चालवली की नाकात बारीक पांढरी खाज येते आणि शिंका येतात. आमच्याकडे हिवाळा असा शिंकत येतो. आमची दहा महिन्यांची मुलगी कडेवर होती. तिनं एक बोंड मुठीत धरलं आणि टरफलाचं टोक टोचताच भोकाड पसरलं. मऊ दिसणाऱ्या वस्तूंनी फसणं आमच्या घराण्यात आहे, असं मी वैशालीला म्हणालो. ती म्हणाली, "घराण्यात नाही. तुमच्यात आहे."

वैशाली तालुक्याच्या कचेरीत लिपिक आहे. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा ती संगणकावर नोंदी करते. खिडकीपलीकडे लोकांची रांग असते. कुणाचं नाव चुकलेलं, कुणाचा गट नंबर चुकलेला, कुणी तिसऱ्यांदा आलेलं. अशा खिडकीपाशी एक अलिखित कायदा असतो: बाई खुर्चीत दिसली तर काम चालू आहे, खुर्चीत दिसली नाही तर बाई चहाला गेली आहे. म्हणून वैशाली उठतच नसे. पाण्याची बाटली जवळ, फायली जवळ, डबाही तिथंच. सहाव्या महिन्यात पोट टेबलाच्या कडेला लागायला लागलं, तेव्हा ती खुर्ची जरा मागे घ्यायची आणि हात लांब करून टाइप करायची. पण उठत नसे.

त्यात खात्याची परीक्षा आली. ती पास झाल्याशिवाय तिला वरची पायरी नव्हती आणि मागून लागलेले पुढे सरकत होते. आधी दोनदा तिची परीक्षा हुकली होती. एकदा तिचे वडील आजारी होते म्हणून. दुसऱ्यांदा अर्ज वेळेत पोचवायचं काम तिनं माझ्याकडे दिलं होतं म्हणून. (तो किस्सा इथं सांगत नाही. त्यात मी गादीपेक्षा वाईट दिसतो.) आता परीक्षा होती आठव्या महिन्यात, अमरावतीला. पेपर तीन तासांचा.

"या वेळी सोडून दे," मी म्हणालो. "बाळ झाल्यावर देशील."

"बाळ झाल्यावर मले कोण बसू देते परीक्षेले?" ती म्हणाली. चिडली की तिच्या पुस्तकी मराठीतून वऱ्हाडी अशी वर येते. "आत्ता नाही तं मंग नाहीच."

म्हणजे प्रश्न एवढाच उरला होता: जी पाठ कचेरीतल्या खुर्चीत दुपारपर्यंत टिकत नाही, ती परीक्षेच्या बाकावर तीन तास टिकेल का?

गादी हे त्या प्रश्नाला माझं पहिलं उत्तर. दुसरं उत्तर मी मेडिकलमधून आणलं. पाठदुखीच्या गोळ्या. मी स्वतः खातो त्याच. वैशालीनं पाकीट हातात घेऊन विचारलं, "दुकानात सांगितलं का, बायको गरोदर आहे म्हणून?" सांगितलं नव्हतं. तिनं पाकीट माझ्याच खिशात ठेवलं. "मग तुम्हीच खा. तुमच्या पोटात कुणी नाही." गरोदरपणी दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं आणि पदव्युत्तर शिक्षण झालेल्या मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नीट तपासलं, बाळ छान आहे म्हणाल्या. पाठदुखीबरोबर पोटात कळा आल्या, पाणी किंवा रक्त गेलं, ताप आला, लघवीला आग झाली, तर क्षणभर न थांबता यायचं, हे दोनदा बजावलं. मग अकोल्याच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या फिजिओ मॅडम वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी आधी वैशालीला बसायला सांगितलं, मग उठायला, मग चालायला. नुसतं बघत होत्या. मग म्हणाल्या, "ऑफिसातल्या खुर्चीचा फोटो आहे का?" होता. गादी बसवल्यावर मीच कौतुकानं काढला होता. त्यांनी तो मोठा करून पाहिला. फोटोत वैशाली सिंहासनावर बसवलेल्या मुखवट्यासारखी उंच बसली होती. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. गुडघे टेबलाच्या खणाला टेकले होते. स्क्रीन खाली गेला होता आणि मान त्याच्या मागे.

"ही गादी कुणाची कल्पना?"

वैशालीनं नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"सर, आपण काय करता?"

"भूगोल शिकवतो."

"मग पायथा पक्का नसला की डोंगराचं काय होतं, हे तुम्हीच सांगा मॅडमना."

मी भिंतीवरच्या पाठीच्या कण्याच्या चित्राकडे पाहत राहिलो. कण्यातले सगळे मणके हसत होते असं वाटलं.

पण पुढची वीस मिनिटं मी खरोखर विद्यार्थी झालो, कारण इतकं स्वच्छ शिकवताना मी स्वतःला कधी पाहिलेलं नाही. पोट पुढे येतं, तसं शरीराचं वजन पुढे ओढलं जातं, त्या बोलत होत्या. कंबर आत खचते. या दिवसांत सांधेही सैल झालेले असतात. मग सगळा भार पाठीचे स्नायू धरून ठेवतात. धरून ठेवायला त्यांची ना नाही. पण आठ तास एकाच पद्धतीनं धरायला लावलं तर ते संपावर जातात. पाय टेकलेले हवेत, गुडघे कमरेच्या बरोबरीला हवेत. कमरेमागं टॉवेलची गुंडाळी. स्क्रीन डोळ्यांसमोर. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. शेक कोमट, चटका बसेल असा नाही. पोटाला तर नाहीच. रोज थोडं चालणं. सकाळी रांगायच्या स्थितीत येऊन मांजरीसारखी पाठ हळूच वर काढायची आणि सरळ करायची. "आणि सगळ्यात मोठं औषध," त्या म्हणाल्या, "दर अर्ध्या तासानं उठायचं."

वैशालीनं सगळं वहीत लिहिलं. शेवटचं लिहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाकी जमेल. उठणं जमणार नाही. रांग असते."

बाकी खरंच जमलं. वरूडच्या मामांनी संत्री पाठवली होती, त्यांची लाकडी पेटी उपडी करून तिच्या टेबलाखाली पाय टेकायला गेली. कचेरीतल्या जुन्या, कुणी न उघडणाऱ्या जाडजूड रजिस्टरांवर स्क्रीन चढला. सकाळी जाजमावर तिच्या शेजारी मीही व्यायाम करू लागलो. तिची खरोखर मांजर व्हायची. माझी म्हैस व्हायची, तीही चिखलात बसलेली. आई दारातून बघून म्हणायची, "तू राहू दे रे बाबू, तिले हासवू नोको, पोट हालते." दुखणं निम्म्यावर आलं. पण निम्मं राहिलं ते राहिलंच. दुपारी तीननंतर तिचा चेहरा पांढरा पडायचा.

मग सीतादही आली. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेच्याला शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, पऱ्हाटीवर दही शिंपडतात आणि मगच पहिलं बोंड वेचतात. वैशाली दरवर्षी येते. त्या दिवशी ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाभळीखाली उभी होती, एक हात कमरेवर. वेचणाऱ्या बायांची म्होरकी शेवंताबाई. तिचं वय तिला माहीत नाही आणि विचारायची आमची हिंमत नाही. पऱ्हाटीच्या रांगेतून तिनं हाक मारली.

"काहून वो सूनबाई, कंबर धरून राह्यली?"

"बसून बसून दुखते, मावशी."

"बसून?" शेवंताबाई सरळ झाली. "बसून बी दुखते का वो माय? आमाले वाटे, वाकूनच दुखते."

सगळ्या रांगा हसल्या. वैशालीही हसली. शेवंताबाई जवळ आली. कापूस वेचताना बाया कमरेला पुढून फडक्याची झोळी बांधतात, तिला ओटी म्हणतात. वेचलेला कापूस तीत जात राहतो आणि ओटी पोटापुढे फुगत जाते. तीस वर्षं मी हे दृश्य पाहतो आहे. पण त्या दिवशी एका बाजूला वैशाली आणि दुसऱ्या बाजूला ओट्या बांधलेल्या पंधरा बाया अशा उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या सगळ्या जणी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुढं ओझं बांधून वाकतात. आणि मी इतकी वर्षं धुऱ्यावर बसून पाठ दुखते म्हणत आलो.

"थे पोट्टी पाह्य," शेवंताबाईनं एका तरुण मुलीकडे हात केला. तिची ओटी काठोकाठ भरून गुडघ्यांपर्यंत उतरली होती. "नवीन हाय. ओटी भरभरू घेते, लोकायले दाखवाले. दुपारच्याले धुऱ्यावर लोळन पाह्य. काहून? वजन पुढं, अन् ओढ सारी कंबरीवर. ओटी कदी भरू देऊ नये. अर्धी झाली का खाली करावं."

"पण मग फेऱ्या जास्त होत नाहीत का?" मी विचारलं. शिक्षकाला गप्प राहता येत नाही.

"होतेत ना, मास्तर. फेरीच तं दवा हाय कंबरीची. जातानी सरळ चाललं, येतानी हलकं आलं." मग वैशालीच्या पोटाकडे पाहून ती हळू आवाजात म्हणाली, "तुही ओटी तं अजून दोन-तीन महिने खाली होत नाई, बाई. मंग तू सोताच उठत जाय."

अकोल्याच्या मॅडमनी सांगितलं होतं तेच. शब्द निराळे, आणि सांगणारीची पाठ पन्नास हंगामांची. वैशालीनं मान हलवली, तेव्हा मला कळलं की वहीत न लिहिलेलं वाक्य आता कुठंतरी लिहिलं गेलं आहे.

"अन् तुमी काय दवापानी केलं म्हने?" शेवंताबाईनं मला विचारलं.

मी गादीचं सांगितलं.

"पाच किलोची! बाप्पा! तिले बसवाचं होतं का पुरून ठेवाचं होतं?"

त्या संध्याकाळी मापाला सगळ्यात जास्त कापूस शेवंताबाईचा भरला. दिवसभर ती येरझारा घालताना दिसत होती, थांबलेली अशी कधी दिसलीच नव्हती. नवीन मुलगी खरोखर बाभळीखाली आडवी होती आणि शेवंताबाई तिच्या कमरेला पदराची घडी कसून बांधून देत होती. शिव्या देत देत बांधत होती. आमच्याकडे माया अशीच करतात.

सोमवारी वैशालीनं कचेरीत प्रिंटर उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावला. शिक्का तिसऱ्या टेबलावर. फायली मागच्या कपाटात. म्हणजे दर पाच-सहा अर्जांमागे उठणं भाग. ती जाऊन कागद घेई, येता येता रांगेतल्या म्हाताऱ्याचा अर्ज उभ्यानंच वाची, चूक तिथंच सांगे. खिडकीतून हात घालून कागद परत करण्यापेक्षा हे लवकर व्हायला लागलं. आठवड्यानं मोठे बाबू म्हणाले, "मॅडम, तुम्ही हल्ली जागेवर दिसत नाही."

"रांग दिसते का, सर?"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "नाही."

"मग झालं तर."

हे मला तिच्या सहकारी बायांनी सांगितलं. ती स्वतः असलं काही सांगत नाही. घरी आली की चपला काढता काढता एवढंच म्हणायची, "आज चौदा वेळा अर्धी ओटी."

अभ्यासही तिनं असाच केला. महसुलाच्या नियमांचं जाड पुस्तक स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याला टेकवलेलं असायचं आणि ती पोळ्या लाटता लाटता कलमं म्हणायची. संध्याकाळी गच्चीवर ती फेऱ्या मारायची, मी खुर्चीत बसून प्रश्न विचारायचो. दूर जिनिंगचा आवाज घरघरत असायचा. एकदा मी एक कलम वाचताना ओळ गाळली. पुस्तक माझ्या हातात होतं, ती पाठमोरी होती. वळलीसुद्धा नाही. "मधली ओळ कुठं गेली?" म्हणाली. पोटावर हात, वर चांदण्या यायला लागलेल्या, आणि गाळलेली ओळ ती घडघड म्हणत होती. भूगोलाच्या तासाला मी मुलांना नद्यांचे उगम सांगतो. माणसाच्या जिद्दीचा उगम कुठं असतो ते मला सांगता येणार नाही, पण त्या दिवशी मी तो गच्चीवर चालताना पाहिला.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं, थांबत थांबत जा म्हटलं. पेपरच्या आदल्या दिवशी मेहुण्याची गाडी घेऊन आम्ही अंजनगाव, दर्यापूर करत तिच्या माहेरी अमरावतीला निघालो. दर अर्ध्या तासाला मी गाडी कडेला घ्यायचो, ती उतरून चार पावलं चालायची. एका ठिकाणी कापूस नेणारा ट्रॅक्टरवाला थांबला. "गाडी बंद पडली का, भाऊ?"

"नाही. बायको चालू आहे."

त्यानं वैशालीकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि ट्रॅक्टरवरून उतरून तिला पाण्याची बाटली दिली. मला दिली नाही.

परीक्षा एका शाळेत होती. फाटकाजवळ स्टुलावर एक शिपाईबाई बसली होती, हातात अडकित्ता. तिनं वैशालीला आत सोडलं आणि मला हातानंच थांबवलं. "तुमी भाईर."

"तिची पाठ..."

"पाठ तिच्यासंग गेली आतमंदी. तुमी भाईर."

आत काय झालं ते मला नंतर कळलं. बाक अरुंद, पोट टेबलाला लागत होतं. अर्ध्या तासानं वैशाली उठून उभी राहिली. पर्यवेक्षक धावत आले. "मॅडम, बसून लिहा. उभं राहून लिहायचं नियमात नाही."

"सर, बसूनच लिहावं असंही नियमात नाही," वैशाली म्हणाली. "सूचना मी वाचल्या आहेत. तुम्हीही बघा."

त्यांनी सूचनांचा कागद खरंच वाचला, दोन्ही बाजूंनी. मग त्यांनीच मागच्या भिंतीला एक उंच टेबल लावून दिलं. अर्धा तास बाकावर, दहा मिनिटं टेबलाशी उभ्यानं, पुन्हा बाकावर. शेवटच्या तासात पाठ बोलायला लागली, तेव्हा ती उभ्यानंच लिहीत राहिली, एक पाय पुढे, एक मागे. एकही प्रश्न तिनं सोडला नाही.

मी बाहेर फाटकासमोरच्या दगडी कठड्यावर बसलो होतो. तिला तीन तास बसवेल का, या काळजीत मी तीन तास जागचा हललो नाही. चहावाला येऊन गेला. ऊन माझ्या डोक्यावरून पाठीवर आलं. मी फक्त फाटकाकडे पाहत होतो आणि मनात तिच्या वतीनं सगळी कलमं चुकीची म्हणत होतो.

घंटा झाली. गर्दीतून वैशाली आली. ताठ, सावकाश, एका हातात पॅड. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नातही न पाहिलेलं काहीतरी होतं. "सगळं लिहिलं," ती म्हणाली.

मी उठायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली की अर्ध्यातच वाकलो. हात गुडघ्यांवर, नजर जमिनीवर. वैशालीनं पॅड काखेत धरलं, माझ्या दंडाला धरून मला हळूहळू सरळ केलं आणि आम्ही फाटकासमोरून निघालो: आठव्या महिन्याची ती, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून लंगडणारा मी.

तिचा निकाल पुढे लागला आणि ती पास झाली, पहिल्या काही जणांत. माझा निकाल मात्र त्याच दुपारी, तिथंच लागला. स्टुलावरच्या शिपाईबाईनं सुपारी कातरणं थांबवलं, आम्हा दोघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वैशालीला विचारलं,

"काहून वो बाई, दिवस तुले गेले का याले?"